‘अख्खा दिवस उपाशी ठेवलंत’ या प्रतिक्रियेला उत्तर

मांजात अडकलेल्या घारीच्या पहिल्या चोवीस तासांवर मी जो लेख लिहिला, त्याखाली ‘एक पक्षीप्रेमी’ या नावाने आपली प्रतिक्रिया आली. ती मी तीनदा वाचली. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी सांगते. आपण संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एक जखमी घार आमच्या पक्षी उपचार केंद्रात आणून दिलीत. घरी तिला खिमा आणि दुधात भिजवलेला ब्रेड भरवला होता. आम्ही मात्र, आपल्या शब्दांत, ‘मुक्या जिवाला अख्खा दिवस उपाशी ठेवलं. पोटच्या पोराला ठेवाल का असं? पुस्तकं वाचून भूक कळत नाही.’ शिवाय फोन उचलला नाही, पिंजऱ्यापर्यंत जाऊ दिलं नाही, दारात देणगीपेटी ठेवली आहे, घार कुठे सोडणार ते सांगत नाही.

टीकेचं मला वावडं नाही. ‘हे असं का करता?’ एवढं विचारलं असतंत, तर दोन ओळींत उत्तर दिलं असतं आणि आभारही मानले असते. पण ‘पोटच्या पोराला’ हा शब्दप्रयोग विचारपूस करणाऱ्याचा नसतो, निकाल देऊन मोकळं झालेल्या माणसाचा असतो. अकरा वर्षं हे काम करते आहे. दर जानेवारीत रात्री दोन वाजता हातात सिरिंज असते. भूक मला पुस्तकातून कळलेली नाही. आणि खरं सांगायचं तर पुस्तकातून कळली असती तरी त्यात लाज वाटण्यासारखं काय आहे?

एक चूक मान्य करते. लेखात मी ‘पहिले चोवीस तास काहीही देऊ नका’ असं लिहिलं होतं. ते वाक्य ढोबळ झालं. ‘पक्षी सावरेपर्यंत मांस देऊ नका’ असं हवं होतं. आज दुरुस्त केलं आहे. शिवाय आपली घार संध्याकाळी सातला आली आणि तिला पहिला घास दुसऱ्या दिवशी दुपारी एकला मिळाला. हे अठरा तास होतात, अख्खा दिवस नाही.

आता त्या अठरा तासांबद्दल.

घार आली तेव्हा वजन 480 ग्रॅम. धडधाकट घार सहाशेच्या आसपास भरते. छातीच्या मधलं हाड बोटाला सुरीच्या पात्यासारखं लागत होतं, म्हणजे दोन्ही बाजूंचे स्नायू झिजलेले. चोच उघडली तर लाळेच्या चिकट तारा. पापणीवरची कातडी चिमटीत धरून सोडली की तशीच उभी राहत होती, म्हणजे अंगातलं पाणी आटलेलं. खोक्यातल्या टॉवेलवर पडलेली शीट हिरवीगार होती. पुष्कळांना तो जुलाब वाटतो. आतड्यात अन्न नसलं की नुसतं पित्त उतरतं, त्याचा तो रंग. एवढ्यावरून कळतं की ती झाडावर किंवा तारेवर दोनेक दिवस तरी लटकलेली असणार.

अशा पक्ष्याचं आतडं जवळपास थांबलेलं असतं. घारीच्या गळ्याखाली अन्न साठवायची पिशवी असते, तिला आम्ही क्रॉप म्हणतो. पक्षी गार पडलेला आणि सुकलेला असेल तर क्रॉपमधलं मांस पुढे सरकतच नाही. आतलं तापमान चाळीस अंशांच्या घरात. खिमा उन्हात ठेवला तर काय होतं हे स्वयंपाकघरात वावरणाऱ्या कुणालाही माहीत आहे. तेच गळ्यात होतं. मांस सडतं, वास सुटतो आणि विष रक्तात जातं. आपण भरवलेला खिमा आम्हाला नळी घालून, कोमट सलाईनने धुऊन बाहेर काढावा लागला. हे मी लेखात लिहिलं नव्हतं, कारण कुणाला दुखवायचं नव्हतं. आता आपणच विषय काढलात.

दुधाबद्दल एवढंच, की पक्ष्याला दुधातली साखर पचवता येत नाही. ‘ती आवडीने खात होती’ असं आपण लिहिता. चोच फाकवून आत घास सरकवला तर गिळण्यावाचून तिला पर्याय नसतो.

उपाशी जिवाला एकदम पोटभर दिलं तर तो अन्नाने मरू शकतो, हे माणसाच्या बाबतीतही खरं आहे. 1945 मध्ये छळछावण्यांतून सुटलेल्या कैद्यांना सैनिकांनी दयेपोटी भरपेट वाढलं आणि त्यातले कित्येक दगावले. उपासात शरीर स्वतःचे स्नायू आणि चरबी जाळत असतं. अचानक अन्न आलं की इन्सुलिन वाढतं आणि रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींमध्ये ओढलं जातं. रक्तातली पातळी कोसळते, हृदयाचा ठोका चुकतो. रात्री पोटभर जेवलेला पक्षी सकाळी पाय ताणून पडलेला सापडतो, आणि लोक म्हणतात, ‘निदान खाऊन तरी गेला.’

म्हणून क्रम ठरलेला आहे: ऊब, मग पाणी, मग अन्न. हा क्रम आम्ही मोडत नाही, आणि कुणी रागावलं म्हणून मोडणारही नाही.

ऊब म्हणजे खोक्याच्या एकाच बाजूला बल्ब, तिथलं तापमान 30 अंशांच्या आसपास, म्हणजे गरम झालं तर पक्ष्याला दुसरीकडे सरकता येतं. अंधार आणि शांतता. पाणी म्हणजे वाटीतलं पाणी नव्हे, अंगाच्या तापमानाला आणलेलं आर.एल., म्हणजे रिंगर लॅक्टेट हे क्षारांचं सलाईन. हिशोब साधा आहे. दर किलोमागे दिवसाला 50 मिली रोजची गरज, म्हणजे 480 ग्रॅमला 24 मिली. शरीरातलं पाणी दहा टक्के घटलंय असं धरलं तर तूट 48 मिली. ती एका दिवसात भरत नाहीत. अर्धी पहिल्या दिवशी, उरलेली पुढच्या दोन दिवसांत. म्हणजे पहिल्या दिवशी 24 अधिक 24. आम्ही ते 12 मिलीच्या चार हप्त्यांत दिलं, प्रत्येक वेळी सहा मिली डाव्या मांडीच्या आणि पोटाच्या मधल्या सैल कातडीखाली, सहा मिली उजव्या. कातडीखाली लिंबाएवढा फुगा येतो. पहिल्या हप्त्याचा फुगा जिरायला तीन तास लागले, तिसऱ्याचा तासाभरात गेला. तो जिरणं म्हणजे रक्ताभिसरण परत चालू झालं. त्याचीच आम्ही वाट बघत होतो. तुम्ही ज्याला ‘नुसतं खोक्यात टाकून ठेवलं’ म्हणता, ते हे.

पक्षी फारच खालावला असेल तर डॉक्टर हाडात सलाईन लावतात, पण पंखाच्या वरच्या हाडात कधीच नाही. ते पोकळ असतं आणि श्वासाच्या हवापिशव्यांशी जोडलेलं असतं. त्यात सलाईन सोडलं की पक्षी आतून बुडतो. चोचीत वरून पाणी ओतलं तरी तोच धोका, कारण श्वासनळीचं तोंड जिभेच्या बुडाशीच उघडतं. तुम्ही ‘चमच्याने पाणी पाजलं’ असं लिहिलं आहे. मांजाने जेवढे मरतात तेवढे अशा पाण्याने मरत नसतील, पण मरतात.

दुपारी एक वाजता शिटेत पांढरा भाग, म्हणजे पक्ष्याची लघवी, नीट दिसला, मान सावरली, हात जवळ नेला तर चोच मारायला आली. मग पहिला घास. कातडी, चरबी, हाड काढलेल्या चिकनचे हरभऱ्याएवढे तुकडे, सलाईनमध्ये बुडवलेले, एकूण 10 ग्रॅम. क्रॉप चापून रिकामी झाल्याची खात्री केली आणि चार तासांनी आणखी दहा. पिसं-हाडं असलेलं अन्न पाचव्या दिवसापासून. घार न पचलेल्या पिसांची गोळी करून ओकते, ती ताकद आधी यावी लागते. नुसतं चिकन फार दिवस देता येत नाही, त्यात फॉस्फरसच्या मानाने कॅल्शियम नगण्य असतं. पिल्लांची तर हाडं वाकतात.

बाकीच्या तक्रारींवर वेळ घालवत नाही. संक्रांतीच्या आठवड्यात दोन्ही हात पक्ष्यावर असतात, फोन वाजत राहतो. वनविभागाचा 1926 हा नंबर त्यासाठीच आहे. पिंजऱ्याजवळ आम्ही कुणालाच नेत नाही, घारीला माणूस म्हणजे शिकारीच. देणगीपेटीत काय पडतं ते बघायला जरूर या. राग काढायचाच असेल तर नायलॉन मांजावर काढा. राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्ये त्यावर देशभर बंदी घातली, तरी तो गल्लीच्या दुकानात मिळतोच.

पुढच्या वेळी घार सापडली तर अंगावर टॉवेल टाका, पाय आधी धरा, नखं तिथे आहेत. मांजा ओढू नका, दोन्हीकडून कापा आणि जखमेतला तसाच राहू द्या. हळद, तेल, मलम काही नको. तेलाने पिसं निकामी होतात. भोकं पाडलेलं पुठ्ठ्याचं खोकं, तळाला टॉवेल, झाकण बंद. तारेच्या पिंजऱ्यात घालाल तर शेपटी तुटेल. छातीभोवती घट्ट पट्टीही नको. पक्ष्याला आपल्यासारखं श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोटामधला श्वासाचा पडदा, नसतं, छाती हलली तरच श्वास जातो. घास तर नकोच नको.

तुमची घार आज 590 ग्रॅम आहे. पंखाच्या पुढच्या कडेची कातडी भरून आली, पण मोठ्या पिंजऱ्यात टोकापासून टोकापर्यंत उडताना डावा पंख वळणावर अजून किंचित खाली राहतो. तो सरळ होईपर्यंत सोडणार नाही. सोडू ते तुमच्याच भागात, जिथे सापडली तिथून जवळ. हे दिवस घारींच्या घरट्यांचे आहेत आणि तिचा जोडीदार तिथेच असण्याची शक्यता आहे. तो दिवस ठरला की याच धाग्यात लिहीन. यायचं असेल तर लांबून बघता येईल.