भुईआवळ्याचा रस घ्या हवा तर, पण तोंडावरचा मास्क काढू नका

आंब्याला मोहोर फुटला की आमच्या बागायतदारांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. यंदा तो मला एकाच दिवसात चार ठिकाणांहून आला. थोडक्यात तो असा: फवारणीच्या दिवसांत सकाळी अनशापोटी भुईआवळ्याचा रस आणि रात्री गुळवेलीचा काढा घ्या, यकृतात साठलेलं सगळं विष निघून जातं, उपाय हजारो वर्षांचा आहे आणि विज्ञानानेही सिद्ध केलाय, एसजीपीटी (यकृताची रक्ततपासणी) नॉर्मल आला की अंगात विष नाही असं समजा, मास्क, हातमोजे ही कंपन्यांची थेरं आहेत.

शेवटचं वाक्य नसतं तर मी गप्प बसलो असतो.

"विष यकृतात साठतं." इथेच गाडी चुकीच्या फाट्याला वळते. क्लोरपायरीफॉससारखी ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली फवारणीची औषधं आधी नसांवर घाला घालतात. नसेचा निरोप स्नायूला पोचला की तो पुसून टाकणारं एक एन्झाइम असतं, कोलिनेस्टरेज. हे विष त्यालाच जखडून टाकतं. मग निरोप पुसला जात नाही. तोंडाला लाळ सुटते, दरदरून घाम येतो, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, मांडीचे स्नायू आपोआप फडफडतात, छाती भरून येते. माणूस जातो तो श्वास थांबून. दवाखान्यात यावर अ‍ॅट्रोपीनची इंजेक्शनं देतात, यकृताचं टॉनिक नाही. आणखी एक गोष्ट मेसेजवाल्याला ठाऊक नसावी. क्लोरपायरीफॉसला त्याचं खरं जहाल रूप आपलं यकृतच देतं. त्या जहाल रूपाचे तुकडे करण्याचं कामही पुन्हा यकृतातच तयार होणारं दुसरं एन्झाइम करतं. तेव्हा "यकृत तगडं केलं की विष बाधत नाही" हा हिशेब वाटतो तेवढा सरळ नाही.

लॅम्डा सायहॅलोथ्रीन या दुसऱ्या कीटकनाशकाची तऱ्हा वेगळी. ते मारलेल्या दिवशी संध्याकाळी गाल चुरचुरतात आणि आंघोळीचं गरम पाणी लागलं की तोंडावर कुणी मिरची चोळल्यासारखं होतं. ज्याने एकदा फवारणीची गन धरली आहे त्याला हे सांगायला नको. ही चुरचुर कातडीतल्या नसांची. काढा जातो पोटात.

औषध अंगात शिरतं ते बहुतेक कातडीतूनच. 2017 साली यवतमाळला फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसं गेली. त्या वर्षी कापूस माणसाएवढा उंच वाढला होता आणि तुषार थेट तोंडावर येत होते, हे तेव्हा सांगितलं गेलेल्या कारणांपैकी एक. आपला हापूस तर कायमच डोक्यावर. गन वर धरायची आणि खाली येणारं धुकं मानेवर, काखेत, भिजलेल्या शर्टातून पाठीवर घ्यायचं. मास्क आणि हातमोजे ही थेरं असतील तर मग पावसात इरलं घेणंही थेरच म्हणायचं.

"हजारो वर्षांचा उपाय." भुईआवळा काविळीला देतात हे खरं, माझ्या आजीनेही दिलाय. पण पावसाळ्यात दूषित पाण्याने होणारी कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपली आपणच उतरते, आणि श्रेय त्या वेळी जे काही चालू असेल त्याला मिळतं. क्लोरपायरीफॉस बाजारात आलं 1965 साली. म्हणजे परंपरा कितीही जुनी असो, या विषाशी तिची गाठ साठेक वर्षांचीच.

"विज्ञानाने सिद्ध." उंदरांवरचे प्रयोग आहेत, नाही असं नाही. त्यांत बरेचदा उंदराला आधी काही दिवस अर्क पाजतात, मग यकृत बिघडवणारं रसायन देतात. हे रसायन पुष्कळदा कार्बन टेट्राक्लोराइड असतं, जे आपण कुणी कलमांवर मारत नाही. तिथून थेट "माणसाने अमुक चमचे घ्यावा" इथे उडी मारता येत नाही.

गुळवेलीबद्दल जरा जपून. करोनाच्या काळात, 2020 मध्ये, गुळवेल घेणाऱ्या काही जणांना यकृताचा दाह झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवलं. आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली आणि दिसायला तशीच दुसरी वेल वापरली गेली असेल, असं म्हटलं. वाद आहेच. पण यकृत वाचवायला म्हणून काही घेताना तो माहीत असलेला बरा.

एसजीपीटी यकृताच्या पेशींना इजा झाली का ते सांगतो. ऑर्गॅनोफॉस्फेटसाठी कोलिनेस्टरेजची तपासणी वेगळी असते. माणसामाणसात तिचा आकडा बदलतो, म्हणून हंगामाआधी एकदा करून ठेवली तर पुढे ताडून बघता येतं.

आता एक अगदी साधी गोष्ट. भुईआवळी पावसात वाढते. डिसेंबरात ती हिरवीगार दिसते ती पाणी पडतं तिथे, म्हणजे कलमांच्या आळ्यात. तिच्यावर कालच काय मारलंय?

गेल्या वर्षी आमचा गडी उघड्या हाताने बॅरलमध्ये औषध ढवळत होता. हटकलं तर म्हणाला, "काय होवचा नाय, भुयआवळ्याचो रस घेतलंय मी." त्या दुपारी वारा उलटला आणि तो ओलाचिंब झाला, तरी तेच कपडे अंगावर ठेवून जेवायला बसला. चार वाजता उलट्या सुरू झाल्या. घरच्यांनी आधी आणखी रस पाजला. तासभर त्यात गेला. मग 108 आली. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला: कुठलं औषध? बाटली बागेतच राहिली होती.

आता बॅरलशेजारी साबणाची वडी असते, कोरडा शर्ट दांडीवर टांगलेला असतो, आणि बाटलीच्या लेबलाचा फोटो माझ्या मोबाइलमध्ये. भुईआवळा तो अजून पितो. मात्र घरामागच्या मोरीपाशी उगवलेला.