एरियाना रोझेनब्लथ यांचं नाव शोधनिबंधावर नवऱ्यामुळे लागलेलं नाही
संगणकाच्या इतिहासाबद्दलचा एक मजकूर सध्या खूप फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: मेट्रोपोलिस अल्गोरिदम, म्हणजे पुष्कळ कणांनी बनलेल्या पदार्थाचे गुणधर्म कण यादृच्छिकपणे हलवून संगणकावर काढायची पद्धत, निकोलस मेट्रोपोलिस यांनी शोधली. १९५३च्या त्या शोधनिबंधावर पाच नावं असली तरी त्यात रोझेनब्लथ आणि टेलर ही दोन जोडपी आहेत, म्हणजे बायकांची नावं भिडेखातर घातलेली. एरियाना यांनी फार तर यंत्रात आकडे भरले, आणि पुढे त्यांच्या हातून काहीच झालं नाही.

भिडेची गोष्ट आधी घेऊ, कारण तीच मला सर्वांत जास्त टोचते. एरियाना राइट यांचा जन्म १९२७चा, ह्यूस्टनचा. १९४९मध्ये त्यांनी हार्वर्डमधून भौतिकशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. मार्गदर्शक होते जॉन व्हॅन व्लेक, ज्यांना पुढे १९७७मध्ये नोबेल मिळालं. मार्शल रोझेनब्लथ यांच्याशी लग्न झालं १९५१मध्ये. म्हणजे लॉस अलामॉस या अमेरिकेतल्या प्रयोगशाळेतल्या या कामात त्या उतरल्या तेव्हा त्या स्वतःच्या बळावर भौतिकशास्त्रज्ञ होत्या.

आता ‘आकडे भरले’. हे काम झालं तिथल्या मॅनिॲक या संगणकावर. १९५२मध्ये सुरू झालेल्या या यंत्राची स्मृती होती ४० बिटांच्या १,०२४ शब्दांची, म्हणजे कप्प्यांची. आजच्यासारख्या सोयीच्या भाषा नव्हत्या. यंत्राला समजेल अशी एकेक सूचना हाताने लिहायची. त्यात २२४ कणांची हालचाल बसवायची होती. पद्धत अशी: एक कण थोडासा कुठेही सरकवा. ऊर्जा घटली तर बदल ठेवा. वाढली तर तापमानानुसार ठरणाऱ्या संभाव्यतेने ठेवा, नाहीतर कण परत जागेवर. आणि परत आणलेली जुनी मांडणीही सरासरीत पुन्हा एकदा मोजा. हे शेवटचं विसरलं तर उत्तर चुकतं आणि चुकल्याचं कळतही नाही. ऑगस्टा टेलर यांनी प्रोग्रामची सुरुवात केली होती, पण प्रत्यक्ष चालला तो एरियाना यांनी पहिल्यापासून लिहिलेला प्रोग्राम. कणांची एक पूर्ण फेरी व्हायला सुमारे तीन मिनिटं लागत. ही पद्धत यंत्रावर सर्वप्रथम चालवून दाखवणारी व्यक्ती त्या होत्या. याला आकडे भरणं म्हणणं अन्याय आहे.

मग मेट्रोपोलिस यांचं नाव कसं लागलं? निबंधावरची नावं इंग्रजी वर्णानुक्रमाने आहेत. त्यांचं पहिलं आलं आणि पद्धतीला तेच चिकटलं. मार्शल रोझेनब्लथ यांनी २००३मध्ये स्पष्ट सांगितलं की मेट्रोपोलिस यांनी यंत्राचा वेळ दिला, पद्धत घडवण्यात त्यांचा हात नव्हता. मूळ सूचना एडवर्ड टेलर यांची, सैद्धांतिक मांडणी मार्शल यांची. ही एका सहभागी माणसाची, पन्नास वर्षांनंतरची आठवण आहे आणि मेट्रोपोलिस १९९९मध्येच वारले होते, हे मी विसरत नाही. शिवाय मॅनिॲक उभा राहिला तो मेट्रोपोलिस यांच्या नेतृत्वाखाली. मोंटे कार्लो पद्धतीवरचा, म्हणजे यादृच्छिक आकडे वापरून गणित सोडवण्याच्या पद्धतीवरचा, १९४९चा निबंध त्यांचा आणि स्टॅनिस्लाव उलाम यांचा. त्यांचं मोठेपण खरंच आहे. त्यासाठी दुसऱ्यांचं काम त्यांच्या नावावर लावायची गरज नाही.

हाच न्याय उलट बाजूलाही लागू आहे. ‘अल्गोरिदम एकट्या एरियाना यांनी शोधला’ असं लिहिणाऱ्यांचा हेतू चांगला असेल, पण तेही खरं नाही.

‘पुढे काहीच नाही’ हेही खोटं. १९५४मध्ये रोझेनब्लथ दांपत्याने त्रिमितीतल्या कठीण, म्हणजे एकमेकांत न घुसणाऱ्या, गोलांचं गणित प्रसिद्ध केलं, १९५५मध्ये लांब रेणूसाखळ्यांचं. साखळी वाढवताना प्रत्येक पायरीला किती जागा मोकळ्या होत्या याचा हिशेब ठेवायचा आणि शेवटी त्यानुसार त्या साखळीला वजन द्यायचं, ही त्यातली युक्ती. त्यानंतर मुलांच्या संगोपनासाठी एरियाना यांनी संशोधन सोडलं. डिसेंबर २०२०मध्ये त्यांचं निधन झालं. अशा साखळ्यांवर, म्हणजे पॉलिमरवर, काम करणारे त्या वजनाला आजही रोझेनब्लथ वेट म्हणतात.