मामा, हाऊ कोनता पक्षी शे?

भुसावळच्या माणसाचा समुद्राशी संबंध एवढाच, की आमच्या उशाशी वाहणारी तापी पुढे सुरतेजवळ जाऊन त्याला मिळते. तरीही सध्या अरबी समुद्रातल्या यच्चयावत पक्ष्यांची नावं सांगायचं काम माझ्याकडे आलंय. अमळनेरच्या बहिणीचा मुलगा मालवाहू जहाजावर थर्ड ऑफिसर आहे, आणि मी हिवाळ्यात दुर्बीण घेऊन हतनूर धरणावर जातो हे त्याला ठाऊक आहे.

पारा ४५च्या पुढे. कळण्याची भाकरी खाऊन कूलरसमोर डोळा लागतो न लागतो तोच घरच्या ग्रुपवर फोटो पडतो. वर निळं, खाली निळं, मधे एक ठिपका. "मामा, हाऊ कोनता पक्षी शे?"

मी आधी स्क्रीन पुसतो. कधीकधी पक्षी पुसला जातो.

मग उलटतपासणी. केवढा होता? "कंटेनरपेक्षा लहान." रंग? "काळा." (ऊन पलीकडून असलं की पांढराशुभ्र पक्षीही काळाच दिसतो, पण हे त्याला कोण सांगणार?) चोच? "व्हती."

हतनूरला बरं असतं. नदीसुरय काठावर निवांत बसतो, शेजारी बगळा असतो, त्यावरून माप कळतं. भर समुद्रात मापाला काहीच नाही. जवळचा लहान आणि लांबचा मोठा, दोघे सारखेच. त्यात जहाज डुलतं, पक्षी लाटेआड जातो आणि वर येतो तो दुसराच असतो. म्हणून जाणकार रंगापेक्षा उडण्याची ढब बघतात. शिअरवॉटर ताठ पंखांनी लाटेलगत तिरपा घसरत जातो, स्टॉर्म पेट्रेल पाण्यावर पाय टेकत नाचल्यासारखा फिरतो. आणि ढब तेवढी फोटोत येत नाही.

या विल्सन्स स्टॉर्म पेट्रेलने तर माझा अंत पाहिला. जेमतेम चिमणीहून मोठा जीव, अंटार्क्टिकाकडे पिलं वाढवतो आणि तिथल्या हिवाळ्यात थेट आपल्या समुद्रात येतो. पुस्तकात त्याची खूण दिलीय: पायाच्या बोटांमधलं कातडं पिवळं. बोटांमधलं! धावत्या मेलमधून फलाटावरच्या माणसाच्या करंगळीचं नख रंगवलंय का, ते बघायचं.

बूबी निदान जवळ येतात. जहाजाला बिचकून उडणारे मासे पाण्याबाहेर झेपावतात, ते पकडायला बूबी सोबत चालतात आणि दमले की कठड्यावर बसतात. एकाबरोबर भाच्याने सेल्फीच पाठवली. भाच्याचे बत्तीस दात, पक्ष्याची चोच, आणि पाय कापलेले. लाल पायांचा बूबी पांढरा असतो, तपकिरीही असतो. बरं, लहान वयात त्याचे पायसुद्धा लाल नसतात. तरी म्हटलं, पाय दाखव. त्याने स्वतःच्या सेफ्टी शूजचा फोटो पाठवला.

यावर दाजींनी लिहिलं, "बदक असंल." झाडून सगळ्या नातेवाइकांनी अंगठे दिले.

परवा मोंबासा बंदरातून फोटो आला. स्वच्छ, जवळून, पायांसकट. गावकावळा! आपल्याकडचा हा पक्षी जहाजांवर बसून कुठल्या कुठल्या बंदरांत पोचला, आफ्रिकेच्या किनाऱ्यावर त्याने कसा उच्छाद मांडलाय, सगळं सविस्तर लिहून पाठवलं.

दाजींचं उत्तर लगेच आलं. "कावळा तं आमलेबी वळखता येस."