दारातलं झाड काढायचंय? काळजी नको

सोसायटीच्या दारात जुना वड किंवा कडुलिंब असेल, तर तुमचे हाल मी समजू शकतो. पानं गळतात, कावळे गाडीच्या काचेवर आपलं मत नोंदवतात, पार्किंगची एक हक्काची जागा फुकट जाते. त्यात राज्यात 1975 पासून शहरांतल्या झाडांसाठी कायदा आहे, म्हणजे सरळ कुऱ्हाड घालायचीही सोय नाही.

तेव्हा अर्जात ‘झाड तोडणे’ असं चुकूनही लिहू नका. ‘धोकादायक फांद्यांची छाटणी’ म्हणा. चार फांद्यांची परवानगी आली की कंत्राटदाराला चहा पाजा. संध्याकाळपर्यंत नुसता खांब उरेल. दिवाळीत त्याला लायटिंगच्या माळा गुंडाळता येतात. घाई नसेल तर बुंध्याला भिडवून पेव्हर ब्लॉक बसवा आणि फटींत सिमेंट भरा. मुळांना ना पाणी, ना हवा. एखाद्या पावसाळ्यात झाड आपण होऊन आडवं होईल आणि दोष वादळाला जाईल.

काही जाणकार बुंध्याला भोक पाडून हिंग भरायला सांगतात. आता हिंग म्हणजे तरी काय? एका झुडपाच्या मुळाचा वाळलेला चीक. अफगाणिस्तानातून मागवून आपण तो आमटीत घालतो. तो इथेच पिकावा म्हणून 2020 साली हिमाचलात लाहौलच्या खोऱ्यात सरकारी शास्त्रज्ञांनी मुद्दाम रोपं लावली. पाळीपाळीने दोन्हीकडे कामाला येते बिचारी वनस्पती!

कुणी पर्यावरणवादी भेटलाच, तर आपलं झाडांशी वैर नाही हे ठासून सांगा. ते खरंच आहे. चहा, सुती सदरा, वर्तमानपत्र, सागवानी दिवाण, यांतलं काही आपण सोडलंय का? आपल्याला झाड हवंच असतं, फक्त उभं नको. वाळलेलं, दळलेलं, पुडीत बांधलेलं चालतं. सह्याद्रीतला नरक्या घ्या. कर्करोगावरच्या औषधांना लागणारं कॅम्प्टोथेसिन त्यात सापडलं आणि तस्करांनी झाडंच्या झाडं तोडून पोत्यांत भरली. एवढं प्रेम वडाच्या वाट्याला कुठलं? त्याची वर्षातून एकदा फांदी आणायची, कुंडीत खोचायची, सूत गुंडाळायचं. सात जन्मांचं काम फांदीवर भागतं. दसऱ्याला तर आपट्याच्या नावावर कांचनही खपतो. सोनं लुटणाऱ्याने पान निरखू नये.

एक अडचण राहते. झाडांच्या त्या कायद्यातल्या 2021 च्या दुरुस्तीनुसार तोडलेल्या झाडाचं जितकं वय, तितकी रोपं लावावी लागतात. म्हणून वय विचारलं की निम्मं सांगा. रोपं गेल्या वर्षीच्याच खड्ड्यांत लावा, खणायचा खर्च वाचतो. फोटोत रोप नाही आलं तरी चालेल, नगरसेवक आले पाहिजेत.

मग मोकळ्या झालेल्या जागेत खुशाल गाडी लावा. एप्रिलमध्ये स्टिअरिंगला हात लावला की चटका बसेल, तेव्हा शेजारच्या सोसायटीतल्या चिंचेखाली जागा बघा. तिथल्या वॉचमनशी आत्तापासूनच ओळख वाढवलेली बरी.