तिकिटावरचे नाव चुकवावे कसे, आणि चुकलेले टिकवावे कसे

विमानाचे तिकीट काढायला बसताना पासपोर्ट जवळ घेऊ नये. तो कपाटात जिथे आहे तिथे सुखाने असू द्यावा. समोर पडद्यावर "फक्त २ जागा शिल्लक" अशी लाल अक्षरे लुकलुकत असतात. अशा वेळी उठून चाव्या शोधणे म्हणजे भाडे वाढायला वेळ देणे. सासूबाईंचे नाव तुम्हाला पाठ आहे. निदान फोनमध्ये ज्या नावाने साठवले आहे ते तरी पाठ आहे. तेच टाका.

ब्राउझरच्या ऑटोफिलवर भिस्त ठेवा. पहिल्या प्रवाशाच्या रकान्यात तो तुमचे नाव भरतो, दुसऱ्याच्या आडनावात पुन्हा तुमचेच, आणि लहर लागली तर तिसऱ्यालाही तेच बहाल करतो. लग्नाला पंधरा वर्षे होऊनही बायकोने पासपोर्टवर माहेरचे आडनाव ठेवले असेल, तर आजवर कोणाला न जमलेले काम तो एका सेकंदात उरकतो. संबोधनाच्या रकान्याकडे तर पाहूच नका. तिथे आधीच 'मिस्टर' निवडलेले असते, आणि आत्याबाई काही तक्रार करणाऱ्यांतल्या नाहीत.

महाराष्ट्रात जन्मल्याचा खरा फायदा पुढच्या पायरीवर मिळतो. आपले नाव तीन शब्दांचे, विमान कंपनीचे रकाने दोन. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधार कार्डावर बहुधा शेवटी. पासपोर्टवर वेगळ्या दोन ओळी: एकीत आडनाव, दुसरीत स्वतःचे नाव आणि बहुतेक वेळा त्यालाच चिकटून वडिलांचे किंवा नवऱ्याचे. म्हणजे संजय रामराव पाटील यांच्या पहिल्या रकान्यात 'संजय रामराव' आणि दुसऱ्यात 'पाटील' यायला हवे. तुम्ही मात्र पहिल्यात 'संजय' आणि दुसऱ्यात 'रामराव' टाका. पाटलांना जागा उरली नाही, त्याला तुम्ही काय करणार? देशातल्या देशात वडिलांचे नाव गाळले तर सहसा कोणी विचारत नाही, पण आडनावच गाळले की गंमत सुरू होते. परदेशी जाताना प्रमाण मानायचे ते पासपोर्टच्या फोटोच्या पानावर तळाशी छापलेल्या, मशीनने वाचायच्या दोन ओळींना. त्यांतल्या पहिल्या ओळीत देशाच्या खुणेनंतर आडनाव, मग दोन बाणासारखी चिन्हे, मग उरलेले नाव असते. ते पाहून लिहिले तर चूक व्हायला वावच राहत नाही, म्हणून तिकडे फिरकू नका.

स्पेलिंग कानाने करा. 'ज्ञानेश्वर' डी-एन-वायने सुरू होतो की जी-वायने, 'गीता'त दोन ई की एक आय, 'पाटील'च्या शेवटी आय-एल की ई-ई-एल, हे सगळे उच्चाराला सारखेच. आणि आधारवर एक, पॅनवर दुसरे, पासपोर्टवर तिसरे असेल तर तिकिटावर चौथे टाकून समतोल साधावा.

आता चूक झाली. ती टिकवायची कशी हा यापुढचा, अधिक कसबाचा भाग.

पहिले २४ तास फार धोक्याचे असतात. डीजीसीए, म्हणजे विमान वाहतुकीवर लक्ष ठेवणारी सरकारी यंत्रणा, तिच्या नियमानुसार विमान कंपनीच्या संकेतस्थळावरून थेट काढलेल्या तिकिटावरची नावातली चूक २४ तासांच्या आत दाखवून दिली, तर त्याच माणसाच्या नावाच्या दुरुस्तीसाठी कंपनीला जादा पैसे घेता येत नाहीत. हे संकट दोन प्रकारे टाळता येते. एक, तिकिटाचा ईमेल उघडूच नये. पैसे गेल्याचा एसएमएस आला की काम झाले असे समजावे. दोन, तिकीट कंपनीकडून न काढता दीडशे रुपये वाचवणाऱ्या ट्रॅव्हल पोर्टलवरून काढावे. म्हणजे तिकिटाचा ताबा पोर्टलकडे राहतो. तुम्ही कंपनीला फोन केलात की ती सांगते, तुमच्या एजंटशी बोला. एजंट सांगतो, कंपनीची परवानगी मागवली आहे. मध्ये शनिवार-रविवार आला तर उत्तमच. एजंटचाही नाइलाज असतो: परवानगीवाचून नाव बदलले तर कंपनी त्याच्यावर दंडाचे डेबिट मेमो काढते. त्यामुळे तो काही करत नाही, आणि केले तर कंपनीच्या शुल्कावर स्वतःचे शुल्क चढवून करतो.

फोनवर बोलताना 'नाव बदलायचे आहे' असे ठणकावून सांगा. 'दुरुस्ती' हा शब्द चुकूनही वापरू नका. कंपनीच्या लेखी या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. दुरुस्ती म्हणजे माणूस तोच, अक्षरे चुकली. बहुतेक कंपन्या साधारण तीन अक्षरांपर्यंतची चूक, नाव-आडनावाची अदलाबदल, चुकीचे संबोधन किंवा लग्नानंतरचे आडनाव एवढे ओळखपत्राची आणि लागेल तिथे विवाह प्रमाणपत्राची प्रत घेऊन सुधारून देतात. बदल म्हणजे माणूसच दुसरा, आणि तो आपल्याकडच्या कंपन्या करत नाहीत. तुमचा मेव्हणा ऐनवेळी आजारी पडला म्हणून त्याच्या तिकिटावर त्याच्या भावाला पाठवायचे असेल, तर खुशाल तासभर वाद घाला. आडनाव एकच आहे, फक्त 'सुहास'चे 'सुभाष' करायचे आहे आणि तेही जेमतेम एक-दोन अक्षरांत, असा युक्तिवाद जरूर करा. पलीकडच्या मुलीने तो आज सकाळपासून ऐकलेला नसेल.

कंपन्या इतक्या हटवादी का, याचे उत्तर भाड्यात आहे. दोन महिने आधी जी जागा साडेतीन हजारांना मिळते, ती आदल्या दिवशी अकरा हजारांनाही जाते. नाव बदलता आले असते तर दिवाळीची पुणे-दिल्ली तिकिटे गणपतीतच कोणीतरी घाऊक उचलली असती आणि धनत्रयोदशीला विमानतळाबाहेर सिनेमाच्या तिकिटांसारखी विकली असती. म्हणजे ओळख पटवण्याची कडक व्यवस्था सुरक्षेला उपयोगी आहेच, पण भाडे चढते ठेवायलाही ती तितकीच कामी येते. हे कोणी फलकावर लिहीत नाही.

युरोपात रायनएअर, ईझीजेट अशा कंपन्या पैसे घेऊन नाव बदलू देतात. त्यांचे पैसेही बघण्यासारखे. २०१५ मध्ये ब्रिटनमधल्या एका १९ वर्षांच्या विद्यार्थ्याचे तिकीट फेसबुकवरच्या त्याच्या गमतीच्या आडनावाने निघाले. रायनएअरने दुरुस्तीचे २२० पौंड सांगितले. त्याने कायदेशीर मार्गाने स्वतःचेच नाव फुकटात बदलून घेतले आणि १०३ पौंडांत नवा पासपोर्ट काढला. हा मार्ग आपल्याकडेही मोकळा आहे: राजपत्रात नाव छापून आणा, वर्तमानपत्रांत जाहिराती द्या, ३६ पानी पासपोर्टचे १५०० आणि तत्काळचे आणखी २००० रुपये भरा. तोवर विमान जाऊन परतही आलेले असेल, पण यापुढे तिकिटावरचे नाव चूक म्हणायची कोणाची हिंमत होणार नाही.

दुरुस्ती शक्य तितकी अवघड करायची असेल तर आधी वेब चेक-इन करून टाका. मग आधी ते चेक-इन रद्द करावे लागते, तेव्हा कुठे नावाला हात लागतो. सगळ्या कुटुंबाचे एकच पीएनआर असेल तर अधिक बरे. चुकलेल्या माणसाला अनेकदा आधी वेगळ्या पीएनआरमध्ये काढावे लागते, आणि त्या गडबडीत खिडकीची जागा नि आधी पैसे भरलेले जेवण गळून पडते. पुढचा टप्पा भागीदार कंपनीच्या विमानाने असेल तर दुरुस्ती एकीकडे होते आणि दुसरीकडे जुनेच नाव राहते. जाताना चुकलेल्या नावाने कसेबसे उडून गेलात, तर परतीच्या तिकिटावरचे नाव सहसा कोणी सुधारून देत नाही.

"काही काळजी करू नका, आम्ही रिमार्क टाकला आहे" असे फोनवर सांगितले की निर्धास्त व्हा. रिमार्क म्हणजे बुकिंगच्या नोंदीतली एक ओळ. तिकिटावर नाव जुनेच राहते. सुधारलेले तिकीट ईमेलवर मागू नका. कॉलचा क्रमांक, बोलणाऱ्याचे नाव लिहून ठेवू नका.

उलट, जिथे चूक नाही तिथे आकांडतांडव करायला हरकत नाही. बोर्डिंग पासवर नावाला 'एमआर' किंवा 'एमआरएस' चिकटून छापलेले दिसले, की आपले नाव 'संजयमिस्टर' झाले म्हणून कंपनीला तीन ईमेल पाठवा. आरक्षणाच्या जुन्या यंत्रणा नाव आणि संबोधन असेच सलग लिहितात, हे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. बोर्डिंग पासच्या बारकोडमध्ये नावासाठी जेमतेम २० अक्षरांची जागा असते, त्यामुळे लांब नावाचे शेपूट तुटते. तेही चूक नव्हे. तरी भांडा.

पासपोर्टवर आडनावाची ओळच कोरी असेल, तर तुमची प्रगती वेगळ्याच पातळीवर जाते. तिकिटाच्या यंत्रणेला रिकामा रकाना चालत नाही. काही कंपन्या तेच नाव दोनदा लिहायला सांगतात, काही 'एलएनयू' म्हणजे 'आडनाव अज्ञात' असे लिहायला लावतात. अमेरिकेच्या व्हिसावर उलटेच होते: तुमचे एकुलते नाव आडनावाच्या जागी जाते आणि नावाच्या जागी 'एफएनयू' म्हणजे 'नाव अज्ञात' येते. कोणती कंपनी काय मागते हे न विचारता स्वतःच्या कल्पनेने काहीतरी भरा. दुबईला जायचे असल्यास २०२२च्या नोव्हेंबरातला नियम विसरा: संयुक्त अरब अमिरातीने पासपोर्टवर एकच शब्दाचे नाव असलेल्या पर्यटकांना प्रवेश नाकारला, आणि मग पासपोर्टच्या दुसऱ्या पानावर वडिलांचे किंवा कुटुंबाचे नाव असेल तर चालेल अशी सवलत दिली. पासपोर्टमध्ये आडनाव घालून घ्यायला दोन महिने हातात असले, तरी ते खरेदीच्या यादीसाठी राखून ठेवा.

शेवटी प्रवासाचा दिवस. चेहरा ओळखून विमानतळात आत सोडणारी डिजियात्रा आधारवरच्या नावाशी बोर्डिंग पास जुळवते आणि नाही जुळला तर पास स्वीकारतच नाही. तेव्हा दारावर सीआयएसएफच्या जवानासमोर उभे राहा. एखादे अक्षर इकडेतिकडे असेल तर तो बहुधा चेहरा पाहून सोडतो. नावच वेगळे निघाले तर थांबवतो. अशा वेळी त्याला ज्ञानेश्वरांच्या स्पेलिंगचा इतिहास समजावून सांगा, कारण विमान कंपनीचा तिकीट काउंटर बहुतेक ठिकाणी त्याच दाराच्या बाहेर, पन्नास पावलांवर असतो आणि तिथे कदाचित काम होऊन जाईल. चेक-इन साधारण तासभर आधी बंद होते. तेवढा वेळ वादात सहज निघतो.

विमान गेले की तिकीट 'नॉन-रिफंडेबल' होते, असे म्हणत घरी या. त्या भाड्यात विमानतळाची शुल्के आणि सरकारी कर होते, आणि तिकीट रद्द केले किंवा विमान चुकले तरी ते कंपनीने परत द्यायचे असतात, अगदी सवलतीच्या भाड्यातही, असे डीजीसीएचा नियम म्हणतो. ते बऱ्याचदा मागावे लागतात, त्यासाठी एक अर्ज भरावा लागतो, आणि अर्जात सर्वांत आधी प्रवाशाचे नाव लिहायचे असते. तिकिटावर होते तसेच.