हिरवी खूण म्हणजे तपासणी नव्हे!

टिळकवाडीतल्या आमच्या ऑफिसात रोज तेच! एपीआय (दोन प्रोग्रामांनी एकमेकांशी बोलायची सोय) तपासणारं एआय एजंटचं नवं स्किल, म्हणजे त्याला शिकवलेलं काम, येतं, कुणीतरी एकच नीट भरलेली रिक्वेस्ट देतं, हिरवी खूण उमटते आणि ‘झालं, चढवा!’ अरे, चुकीचं देऊन बघितलंत का? ५९०००१ या पिनकोडमधला एक आकडा गाळलात? काल सर्व्हरनं २०० कोड, म्हणजे ‘सगळं ठीक’, दिला, आत एरर लिहिलेली, तरी निकाल ‘पास’! मग चुकीच्या रिक्वेस्टसाठीचे ४०० नि ४२२ हे कोड कशाला आहेत? सरकारदरबारी २०१४ मध्ये आमच्या बेळगावचं बेळगावी झालं, जुन्या नोंदींत अजून बेळगावच. ते नाव दिलं की एकदा पास, एकदा नापास. तीच रिक्वेस्ट, दोन निकाल! हे कसलं स्किल? खानापूरच्या गिऱ्हाइकाची ऑर्डर अडकली की फोन मला येतो हो, आणि ती माणसं माझ्या ओळखीची असतात!