केकणावळ

"इतका छान करतेस, विकत का नाहीस गं?" हे वाक्य मला ज्यांनी ज्यांनी ऐकवलं, त्यांच्यापैकी एकानेही आजतागायत माझा केक विकत घेतलेला नाही.

सुरुवात २०२० च्या टाळेबंदीतली. आमच्या कोथरूडातल्या दुकानांतून यीस्ट नाहीसं झालं, त्यात माझाही हातभार होता. माझे पाव फसले. त्यातला एक अजून बाल्कनीच्या दाराला अडण म्हणून लावता आला असता. केक मात्र जमला. तीन माणसांच्या घरात केक तरी किती संपणार? मग ताटली शेजाऱ्यांच्या दाराशी ठेवायची, बेल वाजवायची आणि मास्क सावरत पळायचं. आपल्याकडे ताटली रिकामी परत करत नाहीत. त्यामुळे कधी कोथिंबीरवडी, कधी घावन, एकदा तर चक्क वाटीभर पुरण आलं. नीट हिशोब केला तर माझ्या धंद्यातला सगळ्यात फायद्याचा काळ तोच. तेव्हा धंदा सुरू झालेला नव्हता.

तो सुरू केला नवऱ्याने. म्हणजे अन्न नोंदणीचा अर्ज त्याने भरला. वर्षाला १०० रुपये फी, त्यावर १४ आकडी क्रमांक. वर्षाची उलाढाल १२ लाखांच्या आत असेल तर त्या वेळी नुसती नोंदणी पुरत होती, वर गेली की परवाना लागायचा. नवरा आठवडाभर त्या 'वर गेली की'ने पछाडला होता. रात्री दोनला उठून म्हणाला, "समज, मार्चमध्येच गेली तर?" पहिल्या महिन्याची उलाढाल १,३५० रुपये झाली आणि त्याला पुन्हा शांत झोप लागू लागली.

खरी फजिती दर सांगताना झाली. अर्ध्या किलोचे साडेचारशे म्हटल्यावर समोरच्या काकू म्हणाल्या, "अगं, पण घरीच तर करतेस!" जणू घरी केलं की लोणी नळाला येतं. केक आत असेपर्यंत आमच्या १६०० वॅटच्या ओव्हनपायी मीटरचा लाल दिवा असा लुकलुकत असतो, की मीटरला धाप लागल्यासारखं वाटतं. क्रीम, खोका, खाली पुठ्ठ्याची चकती, हे सगळं मांडून मी काकूंना दाखवलं. त्या म्हणाल्या, "सामानाचं ठीक आहे. पण तुझी मेहनत कशाला धरतेस? तुला तर आवड आहे ना!"

मला एकदम आईची आठवण झाली. दिवाळीआधी आई मैदा, रवा, पिठीसाखर आणि तूप घेऊन साताऱ्यातल्या एका बेकरीत जायची. नंबर लागेपर्यंत आम्ही डब्यांवर बसून राहायचो. बेकरीवाला आमच्याच जिन्नसांची नानखटाई भट्टीतून काढून द्यायचा आणि किलोवर भाजणावळ घ्यायचा. कोथिंबिरीच्या चार काड्यांवरून बाजार डोक्यावर घेणारी आई भाजणावळीला कधी हूं की चूं करत नसे. सोनाराला घडणावळ देतो, शिंप्याला शिवणावळ देतो. घरातल्या बाईने केक केला तर त्याला मात्र मराठीत शब्दच नाही. मी 'केकणावळ' असा शब्द काढला आणि दरपत्रकात घातला. लोकांना वाटलं, हा काहीतरी नवीन फ्लेवर आहे. एकाने एगलेसमध्ये मिळेल का, असंही विचारलं.

एगलेसचं तर विचारूच नका. श्रावण, संकष्टी, शनिवार आणि 'आमच्या आत्या येणार आहेत' हे सगळे वार वजा केले की अंड्याच्या केकला वर्षात जेमतेम दिवाळीनंतरचे बुधवार उरतात. अंडं फेटलं की हवा धरून ठेवतं, भाजताना घट्ट होऊन केकला उभं करतं. ते काढायचं म्हणजे मांडवाचा मधला खांब काढून पाहुण्यांना 'बसा निवांत' म्हणायचं. मी दही आणि सोड्यावर भागवते. गिऱ्हाईक खाऊन म्हणतं, "अंड्यासारखाच लागतो हो!" आणि मग संशयाने खोक्याकडे बघतं.

पण लोकांना काय बोलू? पैसे मागायची वेळ आली की माझीच जीभ टाळ्याला चिकटते. "राहू दे हो, सावकाश द्या," असं मीच म्हणते, आणि लोक इतके आज्ञाधारक, की अजून सावकाशच देताहेत.

मग २०२२ च्या मे महिन्यात सदाशिव पेठेतली ऑर्डर आली. एका मुलीच्या आजोबांना पंच्याहत्तर पूर्ण होत होती. केक अर्धा किलोच, कारण आजोबांना साखर आहे. वर लिहायचं, 'अमृतमहोत्सवी वाढदिवसानिमित्त हार्दिक अभीष्टचिंतन'. अर्ध्या किलोचा केक सहा इंची असतो. 'हॅपी बर्थडे' त्यावर धावत लिहून होतं. मराठीत काना खाली उतरतो, वेलांटी डोक्यावरून वळसा घेते, आणि बाहेर पुण्याचा मे महिना क्रीमला घाम फोडत असतो. 'हार्दिक'चा रफार घसरून 'क'वर गेला, तो चिमट्याने परत आणला. 'चिंतन' केकवर मावेना, ते खालच्या चकतीवर केलं.

स्कूटरवर मी मागे, मांडीवर खोका, बाळंतिणीने बाळ घरी न्यावं तसा. दर स्पीडब्रेकरला मी "हळू!" आणि नवरा "हळूच आहे!"

आजोबा मराठीचे निवृत्त शिक्षक निघाले. त्यांनी चष्मा लावला, केक वाचला, मग पुन्हा वाचला. म्हणाले, "अभीष्ट. भ-ला दुसरी." मी पहिली दिली होती. त्यांनी सुरीच्या टोकाने माझी वेलांटी खरवडली, त्याच क्रीमची दुसरी रेखली, आणि मगच केक कापला.

"किती झाले?" त्यांनी विचारलं. नात म्हणाली, "आजोबा, मी करते ना नंतर ट्रान्सफर." मीही सवयीने, "हो, सावकाश..." म्हणू लागले.

"सावकाश कशाला? हिने काम केलंय ना?" आजोबांनी सदऱ्याच्या खिशातून साडेचारशे रुपये मोजून माझ्या हातावर ठेवले. मग हात पुढे केला. "पाच परत दे. शुद्धलेखनाचे."

पूर्ण केकणावळ, रोख, जागच्या जागी. परतताना म्हात्रे पुलावर सिग्नलला थांबलो, तेव्हा नवरा बराच वेळ गप्प होता. मग मान वळवून म्हणाला, "बारा लाखांना नेमके पाचच रुपये कमी पडले तर?"